झालरीची पानं

सकाळी चौदा पानं होती, आता तेरा. गॅलरीतल्या पानओव्याचं झालरदार पान रोज कुणीतरी खुडत होतं, आणि घरात मृदुला आणि तिचं खोकणारं पाच महिन्यांचं बाळ सोडून कुणी नव्हतं.

“काकू, ही कुंडी तुम्ही घेऊन जा बाई,” तिने दारात आलेल्या शेजारणीला विनवलं.

“अगं, तुझ्याआधी इथे राहायची तिची आहे ती. तिचं तान्हं खोकल्यानं गेलं. वेळेवर पान शेकून छातीला लावलं नाही म्हणून शेवटपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली. वर्षाच्या आत तीही गेली, बिचारी.”

मृदुला आत धावली. पाळण्यातलं बाळ आज पहिल्यांदाच घुरघुर न करता झोपलं होतं. झबल्याचा बंद सुटलेला होता आणि छातीवर शेकून मऊ केलेलं एक पान होतं. तिने बोट लावलं; पान अजून कोमट होतं.

किंचाळायला उघडलेलं तोंड तिने ओढणीने दाबलं. मग पाळण्याजवळ खुर्ची सरकवत हळूच म्हणाली, “बसा ताई. उठला की मांडीवर घ्या त्याला.”