दुसऱ्या आजीचा हात

पाणथळावरच्या फळ्यांच्या वाटेवर मार्लीन नातीला, टेसला, चिमुकल्या चिकडी पक्ष्यांना हातावर खाऊ घालायला शिकवत होती. "हात हलवायचा नाही, बाळा. श्वाससुद्धा हळू घ्यायचा."

पण मार्लीनच्या तळहातावरच्या सूर्यफुलाच्या बियांकडे एकही पक्षी फिरकला नाही. टेसच्या पलीकडे, कठड्याबाहेर पाण्यावर, नुसत्या हवेत मात्र ते एकेक करून टेकत होते आणि चोचीत बी घेऊन उडत होते.

"त्या आजीला जमतं," टेस खिदळली. "तुला नाही येत!"

मार्लीनला ते चांगलंच झोंबलं. "तुझी आजी मी आहे. चल, हात दे इकडे."

"थांब ना, तिने धरलाय."

टेसचा लोकरी हातमोजा कुणी घट्ट धरल्यासारखा चार बोटांच्या ठशांनी आत दबला होता, आणि ती हसत हसत कठड्यावर चढत होती.