कुलपाचा वास

शर्वाणी तोडकरने फोन नाकाशी धरला आणि वैतागून पर्समध्ये टाकला. पुन्हा नुसता लोखंडाचाच वास. फोनमधून वास येऊ लागल्यापासून लोक जाहिराती बघत नसत, हुंगत. चहाची जाहिरात कुणीही केली असती. पण पुण्याच्या एजन्सीने इंटर्नशिपच्या चाचणीसाठी तिला नेमकी कुलपाची जाहिरात करायला दिली होती. आणि मुलाखत उद्यावर आली होती.

रिक्षा सांगलीतल्या घरापाशी थांबली. मामेबहिणीचं लग्न उरकून मायलेकी आठ दिवसांनी परतल्या होत्या. आईने कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभं राहून खोल श्वास घेतला. कोंडलेली हवा, डांबरगोळ्या, देवघरातला शिळा धूप.

"हं," आई समाधानाने म्हणाली, "सगळं जागच्या जागी आहे."

"आई, थांब! खिडकी उघडू नकोस!" शर्वाणी ओरडली आणि तिने फोनवर तो वास टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या प्रमुख निगार मुजावर यांनी तिने टिपलेला वास हुंगला आणि डोळे मिटले. शर्वाणी घाईघाईने समजावू लागली.

"मॅडम, बाकीच्यांसारखं यात कुलूप थेट येत नाही, पण..."

"सोमवारपासून ये," मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या. "आत्ता मात्र दोन मिनिटं बोलू नकोस."

शर्वाणीने हसू लपवायला मान खाली घातली. मॅडमनी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या.