पाहुणीची सोबत

नोरा एकटीच अल्बानियातलं आमचं तिराना शहर बघायला आली आणि तिने आमची वरची खोली आठवडाभरासाठी घेतली. माझा नवरा झेफ तिला एकटीला कुठे जाऊच देईना. चौक म्हणू नका, बाजार म्हणू नका, सगळीकडे हा तिच्या बरोबर.

"मावशी, काका किती भले हो! माझ्यासाठी केवढी पायपीट करतात."

"घर देवाचं आणि पाहुण्याचं असतं, पोरी," मी म्हणाले.

त्याआधी तीन वर्षं झेफने उंबरा ओलांडला नव्हता, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? त्याच्या भावाने मार्काय घराण्यातला माणूस मारला, तेव्हापासून सूड आमच्या दारात बसून आहे. पण पाहुणा सोबत असलेल्या माणसावर इथे कुणी गोळी झाडत नाही. मार्कायसुद्धा नाहीत.

आज नोरा हसतच घरी आली. "काका हात धुवायला आत गेले होते ना, तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी आमच्या कॉफीचे पैसे भरले! काकांच्या ओळखीचे आहेत म्हणे. मला विचारलं, 'ताई, निघणार कधी?'"

"मग तू काय सांगितलंस?" मी ताट खाली ठेवत विचारलं.



"म्हटलं, उद्या सातच्या बसने. आणि काका स्टँडपर्यंत सोडायला येणार आहेत हे ऐकून तर ते फारच खूश झाले!"