हरणाबाईंच्या रानातला आवाज

पिकाची तहान ऐकवणारं यंत्र कानात घालून संशोधक मृणाल देवकुळे हरणाबाई खरातांच्या रानात उतरली. पावसाने तेवीस दिवस ओढ दिली होती. रानात नुसती बाजरी होती, मृणालच्याच शिफारशीवरून पेरलेली. तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी तडतड तिच्या कानात सुरू झाली. रोपन् रोप पाणी मागत होतं.

कडेच्या खडकाळ पट्ट्यात मात्र जवळजवळ शांत होतं. तिथे बाजरीत तूर आणि हुलगा होता, मटकीने जमीन झाकली होती.

"हे असं कुणी पेरायला सांगितलं?"

"सासूबाईंची रीत. तुमी अडाणीपना म्हनला, म्हनून बाकी रानात सोडली," हरणाबाई म्हणाल्या. "यंत्र काय म्हनतंय, मॅडम?"

मृणालचा चेहरा तापला. यंत्र बिघडलंय असं सांगून सुटता आलं असतं. तिने ते काढून हरणाबाईंच्या कानात घातलं. हरणाबाई दोन्हीकडे फिरून आल्या.

"माझं चुकलं," मृणाल म्हणाली.

"गावात तीस घरांनी तुमचं ऐकलंय," यंत्र परत देत हरणाबाई म्हणाल्या. "त्यांस्नी बी तुमीच ऐकवा. चला."

मृणाल खाली मान घालून त्यांच्यामागे निघाली.