ज्याचं बोट त्याचं

रूपाच्या हातावरच्या जुन्या खुणा सुकून पांढऱ्या झाल्या होत्या. नवी एकही नव्हती. मंजुषा सिस्टरला बरं वाटायला हवं होतं. उलट ती गोंधळली.

रूपानं स्वतःला इजा करून घेतली होती. दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरनं तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज संध्याकाळी त्यातला एक चेहरा दाबायचा: हसरा, गप्प नाहीतर रडका. रडका आला की सिस्टर फोन करणार. अलीकडे रूपाच्या गावाहून, रिठदहून, रडकाच येत होता. पण फोन रूपाची आई लिलाबाई उचलायची आणि दरवेळी तेच सांगायची, "पोरगी बरी हाय. जेवली, झोपली." शेवटी सिस्टरनं दोघींना रिसोडच्या दवाखान्यात बोलावून घेतलं.

"रूपा, मनाला बरं वाटत नव्हतं, तर माझ्याशी बोलली काहून नाही?"

"बरंच वाटून राह्यलं, सिस्टर."

"मग रोज रडका चेहरा?"

"मी तं फोनले हातच लावत नाही. पाह्यला की धडधड होते. मायजवळच देऊन टाकला."

सिस्टरनं लिलाबाईकडे पाहिलं. ती दाराजवळ उभी होती.

"मीच दाबतो," लिलाबाई म्हणाली. "तुमी म्हणल्या होत्या, एक दिवस बी खाडा करू नका."

"पण रूपा बरी आहे, तर रडका कायले?"

"तिचं दाबाचं होतं का?" लिलाबाई चाचरली. "मले वाटलं, ज्याचं बोट त्याचं."

 रोज फोन करून सिस्टरनं पोरीचीच चौकशी केली होती, अन् 'बरी हाय' ऐकून फोन ठेवला होता.

"राती उठू उठू तिले पाह्यतो," लिलाबाई हळूच म्हणाली. "श्वास चालू हाय का पाह्यतो. तिचं बरं हाय आता. माह्यं..."



सिस्टरनं ॲप उघडून स्क्रीन वर-खाली सरकवून पाहिला. तिथं पेशंटचं एकच नाव होतं. दुसरं टाकायला जागा दिसेना.

रूपा पेशंटच्या स्टुलावरून उठली. तिनं आईच्या खांद्याला धरून तिला तिथं बसवलं आणि स्वतः मागं उभी राहिली.

"इचारा तिले," ती सिस्टरला म्हणाली.