शिसं

चार वर्षांच्या धडपडीनंतर शमिका आज चंपक मैदानावर गो-कार्टच्या शर्यतीत पहिली आली. गाडी अशी सुटली, की मुंबईची पोरं मागेच राहिली. शर्यत संपल्यावर नियमाप्रमाणे तिला गाडीसकट वजनकाट्यावर घेतलं. “वजन कमी भरतंय. बाद,” पंच म्हणाले, आणि दुसऱ्या आलेल्या पोराच्या गोटात शिट्ट्या वाजल्या. शमिका अंगाने किरकोळ. म्हणून तर नियमाचं वजन भरायला तिने सीटखाली शिशाच्या पट्ट्या स्वतः आवळल्या होत्या. तिने वाकून पाहिलं, तर नुसती बोल्टची भोकं. तेवढ्यात बाबा धावत आले. उभा जन्म मच्छीमारीत गेलेला. लेकीची शर्यत पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी जड पिशवी तिच्या हातात दिली. “सकाळीच काढलं गो बाय, सगळं शिसं. एवढा भार घेऊन होडी धावेल काय?” मग कौतुकाने पाठीवर थाप मारली. “कप कधी देतायत?”