चाळीस पोहरे

नांदुऱ्यात व्यायाम करणारे किती, हे गेल्या सालासारखेच त्रेसष्ट सालीही सरकारला कळायला हवे होते. म्हणून इंद्रभान मास्तर तक्ता घेऊन दारोदार हिंडत होते. कापसाचे व्यापारी उकंडशेठ त्यांना विहिरीवरच घामाघूम भेटले.

"लिहा मास्तर, रोज चाळीस पोहरे! डॉक्टर म्हने, औषध नोको, पानी ओढा. महिन्यात पोट उतरलं, पाहा."

मास्तरांनी 'होय' लिहिले.

मागच्या गल्लीत मंजुळाबाई ओट्यावर रिकाम्या बसल्या होत्या. वीस वर्षं शेठच्या घरचं पाणी त्याच भरत.

"व्यायाम करता का, बाई?"

"ते काय असते, मास्तर?"

"उकंडशेठ पाणी ओढतात ना, तसं."

"हाव, मंग करत होती. महिना झाला, बंद हाय. शेठ म्हने, आता मीच ओढतो, तू काऊन येतं?" मग त्यांनीच विचारले, "तुमच्या घरी पानी भराले बाई लागते काय?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि तक्त्यात बाईंच्या नावापुढे 'नाही' लिहिले. गेल्या साली, रोज चाळीस पोहरे ओढत असतानाही, तिथे 'नाही'च होते. अहवालाची शेवटची ओळ त्यांनी सुवाच्य अक्षरांत भरली: 'व्यायाम करणाऱ्यांत यंदा एकाने वाढ.'